हातांची विद्या

मुलांनो, मोटारींच्या प्रतिकृती घडविणे म्हणजे कालापव्यय, असे पुष्कळांस वाटते. मला ते पटत नाही. अमेरिकेत ‘जनरल मोटर्स’च्या फिशर बॉडी विभागाने १९३० पासून १९६८ पर्यंत कुमारांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालविली. पुढे तीत स्वकल्पनेची मोटार मूळ आकाराच्या १२ व्या हिश्श्याने घडवावी लागे. तेथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीत १२ मिलिमीटरांची! १९४७ चा विजेता चार्ल्स जॉर्डन १९८६ साली त्याच उद्योगात मोटारींची रूपे आखणाऱ्या विभागाचा प्रमुख झाला. असे पद सर्वांस लाभत नाही. परंतु चुकलेले पुन्हा घासून नीट करण्याची सवय ज्याच्या हातांस लागली, त्याचे कोणतेही काम ओबडधोबड राहत नाही. विकतच्या खेळण्याने ही सवय लागत नाही.