सोय आहे, पण कुणासाठी?

"सोय आहे हो त्यात, तुम्हालाच माहीत नाही." मोबाइलविषयी तक्रार केली की हे उत्तर ठरलेले. दुकानदार देतो, बँकेतला कर्मचारी देतो, कॉलेजात शिकणारा मुलगाही आपल्या अम्मीला देतो. मला हे उत्तर मान्य नाही. एखादी सोय वर्षानुवर्षे फोनमध्ये पडून आहे आणि ज्याला तिची गरज आहे त्यालाच ती सापडत नाही, तर अडाणी कोण, वापरणारा की बनवणारा?

व्हॉट्सॲपचेच घ्या. अनोळखी माणसाने आपल्याला परस्पर ग्रुपमध्ये घालू नये यासाठीचे सेटिंग २०१९ साली आले. सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, असे आत आत गेल्यावर ते भेटते. आणि मुळात ते 'एव्हरीवन'वर, म्हणजे सताड उघडे असते. शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देणारे, घरबसल्या कमाईची लालूच दाखवणारे ग्रुप याच उघड्या दारातून आत येतात. 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडले की बाहेरच्याला फार तर आमंत्रण पाठवता येते. काम दहा सेकंदांचे. पण किती जणांनी केले आहे? आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर एकदा विचारून पाहा. उलट, कुणी न मागितलेला मेटा एआयचा गोल मात्र २०२४मध्ये थेट पहिल्या पडद्यावर येऊन बसला. तो शोधायला कुणाला आत जावे लागले नाही. जागा नव्हती असे म्हणायची सोय राहिली नाही.

पैशांच्या ॲपमध्ये हाच प्रकार जास्त महागात पडतो. यूपीआय ऑटोपे २०२० साली सुरू झाले. एकदा पिन टाकून परवानगी दिली की पुढचे हप्ते, सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंत, पिन न विचारता कापले जातात. वीजबिलासाठी उत्तम. पण आमच्या शेजारच्या खालांनी नातवासाठी 'एक रुपयात' घेतलेली कसलीशी वर्गणी महिनोन्‌महिने कापली जात होती, आणि ते थांबवायचे बटण सापडायला घरातल्या तिघांना संध्याकाळ लागली. परवानगी द्यायला एक मोठे रंगीत बटण. परत घ्यायला प्रोफाइलचा फोटो, त्याखालची लांबलचक यादी, त्यात एका ओळीत 'ऑटोपे'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये फसव्या रचनांचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. वर्गणी रद्द करण्याचा मार्ग लपवणे हा त्यातलाच एक. म्हणजे लपवणे हाही गुन्हा असू शकतो, हे सरकारदरबारी मान्य आहे.

सगळेच मुद्दाम लपवलेले असते असे मी म्हणत नाही. पडदा तळहाताएवढा, सगळे वर मांडले तर काहीच दिसणार नाही. म्हणून बरेच काही दाबून धरणे, सरकवणे, तीन ठिपके यांच्यामागे जाते. डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन या जाणकारांनी २०१० सालीच बोटांच्या खुणांवर चालणाऱ्या पडद्यांना मागे नेणारे पाऊल म्हटले होते, कारण खूण डोळ्यांना दिसत नाही. तरी काही खुणा न शिकवता शिकल्या जातात. यादी खाली ओढली की ती ताजी होते, ही युक्ती लोरेन ब्रिक्टर यांनी 'ट्वीटी' या ॲपमध्ये आणली आणि जगभर पसरली. वर पोहोचलेले बोट तसेही आणखी ओढतच असते, त्याच हालचालीला त्यांनी काम दिले. दाबून धरण्याचे तसे नाही. आमच्या पिढीला काचेवर बोट जरा जास्त टेकले तरी काही बिघडेल अशी धास्ती वाटते.

यावर उपाय म्हणून पहिल्या दिवशी पाच-सहा माहितीच्या पट्ट्या दाखवतात. त्या कोण वाचतो? सगळे 'स्किप' करतात, मीसुद्धा. माहिती गरजेच्या क्षणी हवी. अलीकडे अनोळखी माणसाने ग्रुपमध्ये घातले तर व्हॉट्सॲप आधी सावधगिरीची सूचना दाखवते, आणि संदेश न उघडताच बाहेर पडता येते. हे चांगले आहे. तिथेच 'यापुढे कुणी असे घालू नये का?' एवढे विचारले तर काम संपले. तसेच हप्ता कापल्याच्या संदेशातच 'थांबवा' हे बटण द्यावे. आणि मराठी द्यायची तर कळणारी द्यावी. 'मँडेट' हा शब्द देवनागरीत लिहिल्याने तो खालांना समजत नाही.

सर्वात जास्त खटकते ते आधारच्या बाबतीत. अंगठ्यावर बँकेतून पैसे काढता येतात, आणि ठशांची नक्कल करून खाती रिकामी झाल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. यावर बायोमेट्रिक लॉक एमआधार ॲपमध्ये आहे, फुकट आहे. बँकेत अंगठा लावताना त्याविषयी कुणी सांगत नाही, पावतीवरही मी ते पाहिलेले नाही. ज्यांचा मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला आहे त्यांनी ते आजच लावून घ्यावे. फक्त रेशन दुकानात जाण्याआधी लॉक उघडावे लागते, नाहीतर अंगठा जुळणार नाही आणि रांगेतून परत यावे लागेल. हेही घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.