पर्समधलं दुसरं कार्ड



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पूर्वी घरात एकच वाद असे, महाबळेश्वर की कोकण? हल्ली त्या वादात सिंगापूर, दुबई, बाली ही नावंही आली आहेत. भिशीचे पैसे, ह्यांचा बोनस, मुदत संपलेली एखादी ठेव असं जमवून आपल्यासारख्या घरांतली माणसंही परदेश पाहून येतात. तयारी तर काय विचारता! खाकरे, मेतकूट, चटण्या, औषधांचा डबा, सारं काही महिनाभर आधी. पण तिथे पैसे कसे द्यायचे हा विषय निघाला की आपण म्हणतो, “ते हे बघतील.”

मीही असंच म्हटलं होतं. त्याचीच गोष्ट आज सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं सिंगापूरला गेलो. हे, मी, सासूबाई आणि आमची मुलगी. ह्यांच्या पाकिटात एक क्रेडिट कार्ड, एक बँकेचं डेबिट कार्ड. माझ्या पर्समध्ये ह्यांच्याच क्रेडिट कार्डावरचं अ‍ॅड-ऑन कार्ड. तिसऱ्या दिवशी रात्री टॅक्सीतून उतरताना ह्यांचं पाकीट सीटवरच राहिलं. खोलीत आल्यावर लक्षात आलं. ह्यांनी लगेच बँकेला फोन करून दोन्ही कार्डं बंद करून टाकली. ते योग्यच केलं. पण सकाळी नाश्त्याचे पैसे द्यायला मी मोठ्या ऐटीत माझं कार्ड पुढे केलं, तर ते चालेना! ह्यांच्या कार्डाबरोबर माझंही बंद झालं होतं.

पर्समध्ये अडतीस सिंगापूर डॉलर, माणसं चार, आणि मुक्काम अजून दोन दिवस. बँकेत पैसे होते हो, पण ते इथे आणि आम्ही तिथे! शेवटी त्याच हॉटेलात उतरलेलं नाशिकचं एक जोडपं देवासारखं धावून आलं. दोन दिवस आमची बिलं त्यांनी त्यांच्या कार्डावर दिली आणि तेवढे रुपये आम्ही फोनवरून त्यांच्या खात्यात भरत गेलो. सासूबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, “माझ्या सासूबाई पंढरपूरला निघाल्या तरी पैसे तीन ठिकाणी ठेवायच्या. थोडे पेटीत, थोडे कनवटीला आणि थोडे माझ्याजवळ.”

ते ‘थोडे माझ्याजवळ’ माझ्या मनात रुतून बसलं. परत आल्यावर मी स्वतः बँकेत गेले, बारीक अक्षरातले कागद वाचले, चार जाणत्या माणसांना विचारलं. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

कार्डं कोणकोणती?

ढोबळमानाने तीन प्रकार समजून घ्या.

पहिलं म्हणजे आपलं रोजचंच क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. परदेशात ते चालतं, पण प्रत्येक खरेदीवर बँक ‘मार्कअप’ नावाचं शुल्क लावते. बहुतेक कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्के असतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. दुकानाच्या पावतीवर हे कुठेच दिसत नाही. घरी आल्यावर महिन्याच्या हिशेबात दिसतं.

दुसरं फॉरेक्स कार्ड. यात आपण निघण्यापूर्वीच रुपये भरून डॉलर, युरो, दिरहम असं परकी चलन घालून ठेवतो. भरलं त्या दिवशीचा भाव पक्का होतो, मग रुपया घसरला तरी आपल्याला चिंता नाही. वाण्याकडून वर्षाचे गहू एकदम भरून ठेवावेत, तसंच हे. आपल्या बचत खात्याशी ते जोडलेलं नसतं, म्हणून हरवलं तरी धोका कार्डात भरलेल्या रकमेपुरताच.

तिसरं म्हणजे मार्कअप न लावणारं क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. अशी कार्डं आता काही बँका देतात. यात भाव आगाऊ पक्का होत नाही, पण वरचं शुल्क वाचतं. मात्र वार्षिक फी किती, कमीत कमी शिल्लक किती ठेवावी लागते, हे आधी विचारा. नाहीतर चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!

हिशेब मांडून बघू

समजा, आपण तिथे हजार सिंगापूर डॉलर खर्च करणार आहोत आणि सोयीसाठी एका डॉलरला ७० रुपये धरले. म्हणजे खर्च ७०,००० रुपये. साडेतीन टक्के मार्कअपचं कार्ड असेल तर शुल्क २,४५० रुपये, त्यावर जीएसटी ४४१ रुपये, एकूण २,८९१. दोन टक्क्यांचं असेल तर १,४०० अधिक २५२, म्हणजे १,६५२. मार्कअप नसलेल्या कार्डावर यातलं काहीच नाही.

फॉरेक्स कार्डाचं गणित जरा वेगळं. त्यावर खरेदीचं शुल्क नसलं तरी बँक आपल्याला डॉलर विकतानाच भावात आपला नफा धरते. शिवाय कार्ड काढण्याची फी, आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी. ७०,००० रुपयांवर तो साधारण १२६ रुपये होतो. म्हणून बँकेत ‘भाव काय?’ एवढंच विचारून उठू नका. “मला हजार डॉलर कार्डात हवेत, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?” असं विचारा. दोन-तीन ठिकाणी हाच एक प्रश्न विचारला की कोण स्वस्त ते आपोआप कळतं. भाजीच्या गाड्यावर आपण करतो तेच की!

फॉरेक्स कार्ड घेताना आपण जाणार त्या देशाचं चलन त्यात भरता येतं का, हे नक्की पाहा. डॉलर, युरो, पाउंड, दिरहम, सिंगापूर डॉलर बहुधा असतातच. पण बालीला निघालात तर इंडोनेशियाचा रुपिया किंवा व्हिएतनामला निघालात तर तिथलं डाँग सहसा यादीत नसतं. मग अमेरिकी डॉलर भरून नेले तर प्रत्येक खरेदीवर चलनबदलाचं शुल्क पुन्हा कापलं जातं. अशा देशांसाठी मार्कअप नसलेलं कार्ड बरं. आणि फॉरेक्स कार्डात भरमसाट पैसे घालू नका. उरलेले परत करताना बँक कमी भावाने घेते. कमी पडले तर फोनवरून पुन्हा भरता येतात.

रुपयांचा मोह नको

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मुलीला बूट घेतले, बिल झालं १२० डॉलर. दुकानदाराने यंत्र पुढे केलं, त्यावर दोन आकडे: एक डॉलरमध्ये, एक रुपयांत. परमुलखात रुपया दिसला की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. ह्यांनी चटकन रुपयांवर बोट ठेवलं. रात्री मी वहीत हिशेब केला, तर त्या दिवशीच्या भावाने झाले असते त्याहून जवळजवळ साडेचारशे रुपये जास्त गेले होते!

होतं असं की, रुपये निवडले की भाव आपली बँक किंवा कार्ड कंपनी ठरवत नाही, दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते, आणि ती आपला नफा त्यात भरपूर धरते. इतकं करून काही बँका त्यावर आपलं शुल्क लावतातच. म्हणून दुकानात, हॉटेलात, एटीएमवर, कुठेही विचारलं तरी त्या देशाचंच चलन निवडा. यंत्र तुमच्यापुढे न धरता विक्रेत्यानेच परस्पर रुपये दाबले तर “हे रद्द करा आणि डॉलरमध्ये करा” असं सही किंवा पिन देण्यापूर्वी सांगा. यात संकोच कसला?

रोख पैसेही थोडे हवेतच. सिंगापूरच्या खाद्यकेंद्रांत कित्येक गाळ्यांवर रोख द्यावी लागते. पण एटीएममधून दरवेळी थोडे थोडे काढू नका. प्रत्येक वेळी आपली बँक शुल्क घेते आणि तिथलं यंत्रही घेतं. थायलंडमध्ये तर परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाथ जातात. आणि क्रेडिट कार्डावर रोख मुळीच काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. उलट हॉटेलात अनामत मागतात तेव्हा क्रेडिट कार्ड द्यावं. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे काही दिवस अडकून पडतात.

फोनवरच्या यूपीआयवर सगळी भिस्त ठेवू नका. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ अशा ठिकाणी काही दुकानांत ते चालतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठीही सुरू झालं. पण ‘काही दुकानांत’ हे शब्द लक्षात ठेवा. आमच्या हॉटेलाजवळच्या एकाही खाणावळीत ते चाललं नाही.

एक कार्ड आपल्या नावाचं

आता पुन्हा त्या अडतीस डॉलरांकडे येते. माझ्याकडे कार्ड नव्हतं असं नाही. पण ते माझं नव्हतं, ह्यांच्या कार्डाची सावली होती. माणूस आत गेला की सावलीही गेली! म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: दोघांनी दोन वेगळ्या खात्यांची, जमल्यास दोन वेगळ्या बँकांची कार्डं न्यावीत, आणि एक आपल्या नावाचं असावं.

“पण आम्हाला कोण देणार कार्ड? पगाराची चिठ्ठी कुठे आहे?” असं तुम्ही म्हणाल. फॉरेक्स कार्डाला पगाराची चिठ्ठी लागत नाही. आपला पासपोर्ट, पॅन कार्ड आणि प्रवासाचे कागद लागतात. क्रेडिट कार्डही आपल्या नावाच्या मुदत ठेवीवर काही बँका देतात. माहेरच्या ओवाळणीची, भिशीची, शिकवणीची छोटी ठेव असेल, तर तिचा असा उपयोग होतो. टीसीएस नावाच्या कराची भीतीही बाळगू नका. २०२५ च्या एप्रिलपासून फॉरेक्स कार्डासारख्या प्रवासखर्चावर तो वर्षाला दहा लाखांच्या पुढेच लागतो. टूर कंपनीच्या पॅकेजवर कापतात तो वेगळा. तो आयकराच्या हिशेबात वळता करून घेता येतो.

निघण्यापूर्वी

– २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपवर ते स्वतः सुरू करा, खर्चाची मर्यादा ठरवा आणि परत आल्यावर बंद करा.

– पिन पाठ करा. कार्डाबरोबर चिठ्ठीवर लिहून ठेवू नका.

– बँकेचा, परदेशातून लागणारा फोन नंबर छोट्या वहीत लिहा आणि ती वही कार्डांपासून दूर ठेवा.

– आपल्या भारतातल्या सिमवर ओटीपी येईल अशी सोय करून घ्या.

– फॉरेक्स कार्डाबरोबर काही बँका एक राखीव कार्ड देतात. ते दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा.

– परत आल्यावर उरलेलं परकी चलन सांभाळा. २,००० डॉलरांपर्यंत ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत बँकेला परत द्यावं लागतं.

परवा मी माझ्या नावाचं फॉरेक्स कार्ड काढून आणलं. हे म्हणाले, “आता कुठे निघालीस?” म्हटलं, “अजून कुठेच नाही. पण निघू तेव्हा थोडे माझ्याजवळ असतील.” सासूबाईंनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “ह्यातलं एक मलाही मिळेल का गं?”

पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन बँकेत जाणार आहे. तुम्हीही प्रवासाच्या यादीत, मेतकुटाच्या वर, ही एक ओळ लिहून ठेवा.