पथ्याचे ताट वेगळे कशाला?

घरात कोणाला रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास निघाला, की आपल्याकडे पहिली शिक्षा त्याच्या ताटाला होते. रविवारी सगळ्यांच्या वाटीत मटणाची लालभडक तर्री आणि त्याच्या ताटात फिका दुधी! यवतमाळात अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. आजारी माणूस नुसत्या वासावर जेवतो आणि घरच्या बाईला एकाच सकाळी दोन स्वयंपाक रांधावे लागतात. त्याला जे बाधते, ते इतरांना मानवते असे थोडेच आहे? पथ्य करायचे तर सगळ्या घराने करावे. आणि त्यासाठी मटण सोडण्याचे कारण नाही.

दोष आहे तो तर्रीचा. वर तेलाचा तवंग नसेल तर पाहुणचार उणा पडला, असे आपण वऱ्हाडी मंडळी मानतो. पण एका मोठ्या चमचाभर तेलातच सुमारे १२० कॅलरी असतात. मसाल्याचा वास खुलायला थोडे तेल लागते हे खरे. तवंग मात्र लागत नाही. खमंगपणा येतो तो भाजलेल्या कांद्या-खोबऱ्यामुळे.

माझे म्हणणे असे, की अर्धा किलो मटणात अर्धा किलो वांगी घालावीत. मांस कमी पोटात जाते आणि ताटे वाढतात. मात्र वांगे तळू नये. त्याचा गर स्पंजासारखा असतो, तेल पिऊन टाकतो. तुर्कस्तानात वांग्याच्या एका पदार्थाचे नावच ‘इमाम मूर्च्छित पडला’ असे आहे. बायकोने त्यात किती तेल ओतले हे कळल्यावर तो पडला, अशी दंतकथा सांगतात. आपल्याकडे यावरचा उपाय भरताच्या रूपाने केव्हाचाच आहे: वांगे आधी भाजा. भाजल्यावर गर बसतो आणि तेल मागत नाही.

मटणाची चरबी काढून ते आले, लसूण, हळद घालून आदल्या रात्री कुकरमध्ये शिजवावे आणि गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वर थिजलेली चरबी चमच्याने काढून टाकावी. कोरडा भाजलेला कांदा, थोडे खोबरे, धने, तिखट वाटून दोन चमचे तेलात परतावे आणि त्यात मटण घालून रस्सा आटवावा. पसरट भांड्यात भाजलेल्या वांग्याचा थर, त्यावर मटण, वर टोमॅटोच्या चकत्या लावून ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा तास ठेवावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाचे भांडे, घट्ट झाकण आणि मंद आच पुरते. मीठ बेताने घालावे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ सांगते. ताटातले लोणचे-पापडही त्यातच मोजावे. ज्यांना डॉक्टरांनी मटण बंदच केले आहे, त्यांनी अर्थातच त्यांचे ऐकावे.

‘हे ओव्हनचे प्रकार आपले नव्हेत,’ असे कोणी म्हणेल. मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे कोणाचे? त्यांच्याबरोबरही आपण वांग्याचीच भाजी खातो ना? भाजून खाणे आपल्याला नवे नाही. मध्यंतरी तेलाने आपल्याला भुलवले, एवढेच.

तेव्हा येत्या रविवारी एकच भांडे चुलीवर चढू द्या. वांगी भाजायचे काम पुरुषांनी घ्यावे. आणि ज्याचे ताट इतके दिवस वेगळे होते, त्याला पहिला वाढा.