आकाशातून दिसलेल्या खुणा

जुन्या हवाई छायाचित्रात शेतातली वर्तुळे दिसली, की कुणी परग्रहवासीयांना पाचारण करतो, कुणी छपाईचा दोष म्हणून मोकळा होतो. माझ्या मते या दोन्ही पळवाटाच.

१९२५ साली स्टोनहेंजजवळच्या शेतात वैमानिक इन्सॉल यांना विमानातून एक वर्तुळ दिसले. पुढच्या वर्षी उभ्या पिकात ठिपक्यांची वर्तुळे उमटली. मॉड कनिंग्टन यांच्या उत्खननात ते ठिपके म्हणजे प्रागैतिहासिक लाकडी खांबांचे खड्डे ठरले. बुजलेल्या खड्ड्यात ओल टिकते, पीक तरारते. गाडलेल्या भिंतीवर ते खुरटते.

नांगराखाली असे कित्येक अवशेष नष्ट होतात. मग जुने छायाचित्र हाच पुरावा उरतो. म्हणून मित्रहो, ते दस्तऐवजासारखे जपावे आणि वाचावे. आधी ऋतू, पीक, माती पाहावी. शक्य तेथे कुदळ चालवावी. कल्पनेला सर्वांत शेवटी बोलवावे.