पहिल्या भेटीचा ग्रह

पनवेलीस मुलगी पाहावयास मुंबई-पुण्याची मंडळी आली, म्हणजे चहा-पोहे होईपर्यंतच्या अर्ध्या तासांत दोन्ही घरें एकमेकांविषयीं मत ठरवून मोकळीं होतात. ‘मुलगा फारच घुमा दिसतो’, ‘मामा मात्र मोठे गोड बोलणारे’, असे शेरे पाहुणे जिना उतरण्यापूर्वींच तयार असतात. या शेऱ्यांवर मुलीचें सारें आयुष्य ठरावयाचें असतें. म्हणून जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी घरोघर वाचली जावी, असें आम्हांस वाटतें.

ती १८१३ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा पहिला खर्डा १७९६-९७ मधील असून त्याचें मूळ नांव ‘प्रथमदर्शनींचे ग्रह’ अशाच अर्थाचें होतें. लेखिकेच्या वडिलांनीं लंडनच्या एका प्रकाशकास विचारलें, तेव्हां त्यानें हस्तलिखित न पाहतांच नकार कळविला!

नायिका एलिझाबेथ हिच्या रूपाविषयीं डार्सी नांवाचा धनाढ्य तरुण एका नृत्यसमारंभांत तुच्छतेनें बोलतो. तें तिच्या कानीं पडतें, आणि त्या क्षणापासून तो गर्विष्ठ ठरतो. पुढें विकम नांवाचा देखणा लष्करी अधिकारी, डार्सीनें आपला हक्क बुडविल्याची कहाणी तिला सांगतो व ती तिला तत्काळ पटते. एलिझाबेथ भोळी नव्हे. बहिणींत तीच चाणाक्ष. परंतु दुखावलेलें मन आपल्या मतास अनुकूल तेवढाच पुरावा गोळा करतें.

डार्सीची मागणी ती झिडकारते. दुसऱ्या दिवशीं त्याचें पत्र हातीं येतें. विकमनें पैसा घेऊन हक्क सोडला होता आणि पुढें डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीस पळवून नेण्याचा घाट घातला होता, असें त्यांत असतें. पत्र पुनःपुन्हां वाचतांना तिला उमगतें कीं, पहिल्याच ओळखींत परक्या मुलीपाशीं असलीं गाऱ्हाणीं सांगणें हेंच मुळांत अनुचित होतें. पुढें डार्सीच्या वाड्यांतील जुनी कारभारीण सांगते कीं, मालकांना त्यांच्या चौथ्या वर्षापासून मी ओळखतें, पण त्यांचा कठोर शब्द कधीं ऐकला नाहीं. डार्सीही तिचे कठोर बोल मनास लावून घेतो. विकम तिच्या धाकट्या बहिणीस घेऊन पळतो, तेव्हां डार्सी त्याचें कर्ज फेडून दोघांचें लग्न लावून देतो व याची वाच्यताही करीत नाहीं.

पूर्वीं पनवेलींत एका आळींत चौकशी केली कीं तीन पिढ्यांची माहिती मिळे. २०१६ सालीं येथें महानगरपालिका झाली. आतां टोलेजंग इमारतींत समोरच्या दाराआड कोण राहतें हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. तेव्हां चौकशीचें काम आतां आपणांसच अधिक काळजीनें केलें पाहिजे. मोठ्या हुद्द्याच्या ओळखींपेक्षां स्थळाच्या घरीं वर्षानुवर्षें काम करणाऱ्या बाईस विचारावें. कोणी आपण होऊन दुसऱ्याची निंदा सांगूं लागला, तर ती आपल्यालाच कां सांगतो, हें पाहावें. आणि मुलगा अबोल वाटला, तर नकार कळविण्यापूर्वीं मुलीस त्याच्याशीं आणखी एकदां निवांत बोलूं द्यावें. अबोलपणा व गर्व यांतील भेद एका बैठकींत कळत नाहीं.