मालवणात जाऊन पनीर कशाला?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि आपल्याकडेही सिंधुदुर्ग पाहण्याची टूम निघाली. उत्तम झाले. नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि मग मालवण. एवढा पल्ला गाठायचा, १६६४ साली पायाभरणी झालेला किल्ला पाहायचा, भर समुद्रातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबावेच्या गोड्या पाण्याचे नवल करायचे, आणि दुपारी? ट्रॅव्हलवाला नेईल त्या एसी हॉटेलात बसून हिंदीतून पनीर बटर मसाला मागवायचा! अहो, तो आदिलाबादेत मिळत नाही काय?

१९५६ साली किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून मराठी टिकवायची कशी, हा आपल्या प्रत्येक बैठकीतला विषय. इथल्या हॉटेलात भाकरी-पिठले मिळत नाही म्हणून कुरकुर करणारे आपण. मग जिथे वेटरपासून मालकिणीपर्यंत सगळे मराठी, तिथे आपली जीभ हिंदीकडे का वळते?

मालवणात जेवायचे ते घरगुती खानावळीत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडते, कोंबडीबरोबर वडे येतात, शेवटी सोलकढी. ‘आम्ही माळकरी, आमचे काय?’ असा प्रश्न हमखास येणार, आणि तोच पनीरची पळवाट ठरतो. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी, हंगामात फणसाची भाजी, ओल्या काजूची उसळ, गोडाला नारळाच्या रसातले शिरवाळे. यात मासळीचा काटाही नाही. मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, कारण तिथे गिऱ्हाईक पाहून चूल पेटते.

आम्ही जन्मभर जमा-नावे पाहणारी माणसे, म्हणून पैशाचेही बोलतो. खानावळीत दिलेला रुपया त्या घरात आणि किनाऱ्यावरच्या रापणकरांत फिरतो. हे रापणकर साधी माणसे नव्हेत. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध ते वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. अंमलबजावणीची ओरड तरीही चालूच आहे. इतिहासातल्या आरमाराचा जयजयकार करायचा आणि त्याच समुद्रावर जगणाऱ्यांच्या पानाकडे पाठ फिरवायची, हा कसला स्वाभिमान?

‘चव ज्याची त्याची’ म्हणणाऱ्यांनी घरच्या पैशाने हवे ते खावे. समाजाच्या वर्गणीतून निघणाऱ्या सहलीत मात्र जेवणाचा ठेका ट्रॅव्हलवाल्याकडे देऊ नये, खानावळी समितीने स्वतः ठरवाव्यात, असा ठराव आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. सहलही दिवाळीनंतरच काढावी. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्याही बंद. तेव्हा सुरमई मागाल तर बर्फातली पानात पडेल.