निकाल लागला, न्याय मात्र थकीतच!

सोमवार, २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या संध्याकाळी विरार, कसारा, कर्जतच्या गाड्यांतून घरी परतणाऱ्या सामान्य नोकरदाराच्या मनात एकच प्रश्न होता : मग आमची माणसे मारली कोणी?

ठाणे जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी ६.२४ ते ६.३५ या अवघ्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांच्या प्रथम वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. १८९ जणांचे प्राण गेले, आठशेहून अधिक जखमी झाले. त्या वेळी मीरा रोडपासून विरारपर्यंतचा सारा पट्टा ठाणे जिल्ह्यातच होता. मध्य रेल्वेच्या प्रवाशांनी तर त्याआधीच, १३ मार्च २००३ रोजी, मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या कर्जत गाडीच्या महिलांच्या डब्यातील स्फोट सोसला होता. आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा पहलगामच्या हत्याकांडात बळी पडलेल्या डोंबिवलीच्या तिघा सुपुत्रांना भागशाळा मैदानावर अखेरचा निरोप देऊन पुरते तीन महिनेही लोटले नव्हते. अशा समाजाला हा निकाल जिव्हारी लागला, यात नवल ते काय?

परंतु संतापाचा रोख कोणाकडे असावा, याचा विचार शांत चित्ताने व्हायला हवा. निकाल लागताच काहींनी न्यायमूर्तींनाच दूषणे देण्यास आरंभ केला. काहींनी आरोपींचे वकीलपत्र घेणाऱ्यांना देशद्रोही ठरवले. निकालपत्राची ६७१ पाने बाजूला ठेवून दिलेला हा कौल सोपा आहे. मात्र तो खऱ्या अपराध्यांना मोकळे सोडणारा आहे.

न्यायालयाने काय म्हटले? ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची मुदत संपलेली होती. म्हणजे ती परेड घेण्याचा अधिकारच त्याला नव्हता. महत्त्वाचे साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प राहिले आणि मग त्यांना एकाएकी चेहरे आठवले. कबुलीजबाबांतील मजकूर एकमेकांशी संशयास्पदरीत्या जुळत होता आणि ते छळ करून घेतल्याचा आरोप न्यायालयाला दुर्लक्षिण्याजोगा वाटला नाही. जप्त स्फोटकांची मोहोरबंदी व ताबा यांत त्रुटी राहिल्या. एवढेच नव्हे, तर वापरलेले बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेही अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही. यातील एकही दोष न्यायमूर्तींनी निर्माण केलेला नाही. ते सारे तपास यंत्रणेचे आहेत.

त्यात भर म्हणजे, २००८ साली याच मुंबईच्या गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनच्या ज्या आरोपींना पकडले, त्यांच्यापैकी एकाने हे स्फोट आपल्या गटाने केल्याचा जबाब दिला आणि पुढे तो फिरवला. एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच हत्याकांडाच्या दोन कथा! त्यातली खरी कोणती, याचा निवाडा करण्याची निकड कोणत्याही शासनाला वाटली नाही. विशेष मोक्का न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप ठोठावली, तेव्हा साऱ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि प्रश्न विचारायचे सोडून दिले.

येथे राष्ट्रवादी विचारांच्या वाचकाने आणखी एक पडताळा घ्यावा. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी, म्हणजे पुढच्या दहाच दिवसांत, सातही आरोपींना निर्दोष सोडले. साध्वी प्रज्ञासिंह आणि कर्नल पुरोहित यांचा छळ झाला, पुरावे रचले गेले, असे जे सतरा वर्षे सांगत आले, त्यांचे बोट त्याच दहशतवादविरोधी पथकाकडे होते. तेच पथक मालेगावात खोटे आणि मुंबईत शंकेच्या पलीकडे, असे कसे चालेल? दोन्हीकडे माप एकच हवे. मालेगावात मेलेल्या सहा जणांचे मारेकरीही सापडलेले नाहीत, हे विसरणे आपल्या संस्कृतीला शोभणारे नाही. त्याचप्रमाणे, बारा जणांच्या सुटकेचे स्वागत करताना १८९ मृतांसाठी ज्यांच्या तोंडून एक शब्द निघत नाही, त्यांच्या मानवाधिकाराच्या गप्पाही तितक्याच पोकळ होत.

राज्य शासन तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत पायंडा म्हणून वापरता येणार नाही, असे सांगितले. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवण्यास मात्र सांगितले नाही. अपील करणे शासनाचे कर्तव्यच होते. पण तेवढ्याने कर्तव्य संपत नाही.

गुजरातमधील एका अजाण बालिकेच्या हत्येचा खटला तपासातील ढिसाळपणामुळे कोसळला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०१४ रोजी प्रत्येक राज्याला बजावले होते : आरोपी सुटला की त्या प्रत्येक खटल्याची वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने छाननी करावी, दोषी तपास व अभियोग अधिकारी हुडकावेत आणि त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करावी. हा आदेश पाळला जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत झडती व जप्तीचे चित्रीकरण आणि गंभीर गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञांची भेट बंधनकारक झाली आहे. तज्ज्ञांच्या भेटीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पोलिस ठाण्यांपर्यंत ही व्यवस्था कधी पोहोचणार, हे लोकप्रतिनिधींना जाहीरपणे विचारले पाहिजे.

मेणबत्त्या विझतात, घोषणा विरतात. संघटित समाजाने शासनाकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा : रेल्वे स्फोटांच्या तपासात कोणी कसूर केली, याची चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांपुढे यावा, तसेच खरे मारेकरी कोण, याचा शोध नव्याने सुरू व्हावा. निरपराध माणूस कोठडीत सडतो, तेव्हा खरा खुनी बाहेर मोकळा फिरत असतो. उद्या संध्याकाळी तोही कदाचित त्याच गाडीत चढेल.